उभे राहणारे आणि बसणारे

"राज्यपालाची निवडणूक?" बाबा चालता चालता थांबले. "राज्यपालाची कुठे निवडणूक असते?"

कोपऱ्यावरच्या घरासमोरच्या हिरवळीत एकाशेजारी एक चार पाट्या खोचलेल्या होत्या. चार वेगवेगळी नावं आणि प्रत्येक नावाखाली तेच पद. एकाच घरात चार मतं कशी, हा प्रश्न मलाही पडला होता. पण ते घर भाड्याने द्यायचं म्हणून रिकामं होतं आणि रिकाम्या घरापुढे कोणीही काहीही खोचत असे. सकाळची वेळ असूनही हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटत होती. टेक्ससमधल्या आमच्या शुगर लँडमध्ये फिरायला जायचं तर पहाटेच निघावं लागतं, आणि बाबा काही केल्या चहा झाल्याशिवाय निघत नसत.

त्यांचा प्रश्न रास्तच होता. मराठी माणसाच्या लेखी राज्यपाल म्हणजे दिल्लीहून पाठवलेला एक वयस्कर गृहस्थ. तो इतरांना शपथ देतो, झेंड्याला सलाम करतो, पदवीदानाला झगा घालून बसतो आणि उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जातो. असं होण्यासाठी कोणी दारोदार मतं मागत फिरावीत, हे बाबांना पटेना.

"इथे गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री," मी सांगितलं.

"मग तसं म्हणा ना. आणि आमदार? त्यांना कोणी विचारत नाही?"

"नाही. लोक परस्पर निवडतात. आमदारांचं अधिवेशनही दोन वर्षांतून एकदा भरतं."

"म्हणजे हंगामी," बाबा म्हणाले. "बॉयलर पेटला की यायचं, थंड झाला की घरी."

बाबांनी नोकरीची सगळी वर्षं नगर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या कचेरीत काढली होती. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना गाळप हंगामाच्या भाषेत सांगितली की कळायची, आणि मला आता वाटतं की त्यांना ती आपल्यापेक्षा बरी कळायची. ते जूनमध्ये आले, त्याच आठवड्यात त्यांनी इथला साखर कारखाना बघायचा हट्ट धरला. गावाचं नावच साखरेचं, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती. कारखाना तीन-चार वर्षांपूर्वीच बंद पडला होता. विटांची एक उंच इमारत तेवढी तारेच्या कुंपणाआड उभी होती. बाबांनी कुंपणाला हात लावून बराच वेळ ती न्याहाळली.

"सभासद किती होते?"

"सभासद नव्हते, बाबा. कंपनीचा होता."

"मग संचालक मंडळाची निवडणूक?"

"नसायची."

"तरीच बंद पडला," ते म्हणाले आणि गाडीकडे वळले.

ते आले होते पाहुणे म्हणून. पण आम्हा तिघा भावंडांच्या मनात वेगळंच होतं. आई जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. तेव्हापासून बाबा नगरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत होते, आणि मे महिन्यात न्हाणीघरात पाय घसरून पडले होते. हाड मोडलं नव्हतं, पण ते उठून दाराच्या कडीपर्यंत पोचेतो किती वेळ गेला हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. आम्हीही मग फार विचारलं नाही. आपल्याला सोसेल तेवढंच विचारावं असं आमच्या घरातलं वळण. बाबांना आता एकटं ठेवायचं नाही यावर तिघांचं एकमत होतं. त्यांना कोणी न्यायचं यावर मात्र नव्हतं. नागपूरची थोरली बहीण म्हणे माझ्याकडे. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणे माझ्याकडे. मी म्हणत होतो इथेच राहा. वकिलाने सांगून ठेवलं होतं की वडील राहणार असतील तर त्यांचा इथला मुक्काम संपण्याआधी ठरवा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचं काम सुरू करता येईल. परतीचं तिकीट नोव्हेंबरचं होतं. बाबा काहीच म्हणत नव्हते. विचारलं की "बघू" म्हणत आणि टीव्हीचा आवाज वाढवत.

टीव्हीवर मात्र बघण्यासारखं भरपूर होतं. एक उमेदवार खुर्चीवर बसलेलाच होता आणि तिथून उठायची त्याची तयारी नव्हती. दुसरा विरोधी पक्षाचा. त्याच्या बोलण्यात चूक काढता येत नसे आणि ते लक्षातही राहत नसे. तिसरा निवृत्त शिक्षणाधिकारी, कुठल्याच पक्षाचा नाही. तो प्रत्येक उत्तर परीक्षेतल्यासारखं 'प्रथम', 'द्वितीय' करून द्यायचा. चौथाही अपक्ष. तो गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. त्याला बोलायला एक मिनिट दिलं की तो अर्ध्या मिनिटात संपवायचा आणि उरलेलं अर्धं मिनिट मोठी हॅट छातीशी धरून शांत उभा राहायचा. चौघांमधला मला कळलेला बराचसा भाग त्या अर्ध्या मिनिटातलाच आहे.

मला त्या वर्षी या सगळ्याचा नुसता शीण आला होता. रोज दोन्ही वेळा हायवेवर तास तास काढायचा, घरी येऊन बघावं तर आन्सरिंग मशीनवर रेकॉर्ड केलेले उमेदवार मला माझ्या पहिल्या नावाने हाक मारत असायचे. नागरिक होऊन मला काही वर्षं झाली होती. शपथविधीच्या दिवशी मंचावरचा माणूस म्हणाला होता की आता तुमचा आवाज मोजला जाईल. आवाज मोजायला यायचे ते सगळे जेवणाच्या वेळेला यायचे. प्राचीन काळी एका गावात अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडत असं कुठेतरी वाचलं होतं. मला ती व्यवस्था दिवसेंदिवस सुसंस्कृत वाटायला लागली होती.

बाबांना मात्र तरतरी आली होती. त्यांनी आठवडाभर बातम्या ऐकल्या, आणि मग एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता निकाल देऊन टाकला.

"हा खुर्चीवरचा निवडून येतो."

"कशावरून?"

"तिघे त्याच्या विरोधात उभे आहेत. विरोधातली मतं तिघांत फुटणार. दोघांना बसवायला पाहिजे होतं."

माझी सतरा वर्षांची मुलगी समोर अभ्यास करत होती. तिचं मराठी समजण्यापुरतं चांगलं होतं, बोलण्यापुरतं रविवारचं. "सिट व्हेअर, आजोबा?" तिने विचारलं.

मग तिला 'बसवणं' समजावून सांगण्यात बाबांची संध्याकाळ गेली. निवडणुकीला माणूस उभा राहतो. तिथपर्यंत इंग्रजीतही तेच. पण आपल्याकडे उभ्या राहिलेल्याला बसवताही येतं. अर्ज भरण्याचा दिवस असतो तसा अर्ज मागे घेण्याचाही असतो, आणि जाणत्यांच्या हिशेबी खरी निवडणूक त्याच दिवशी होते. कारखान्याच्या निवडणुकीत एका जागेला सात-सात जण उभे राहत. त्यांतल्या चार-पाच जणांना पोरासोरांनी खांद्यावर घेऊन उभं केलेलं असे. त्यांना नुसतं कोणीतरी येऊन 'बसा' म्हणायला हवं असे. बाबा नोकरीतले, कुठल्याच गटाचे नाहीत, म्हणून दोन्हीकडचे लोक त्यांना पाठवत.

"मग तुम्ही काय करायचात?" मुलगी म्हणाली.

"घरी जायचो. चहा प्यायचो. त्याच्या बैलांबद्दल बोलायचो, मुलीच्या लग्नाबद्दल, विहिरीच्या पाण्याबद्दल. निवडणुकीचं नावच काढायचं नाही. मग म्हणायचं, तालुक्यात तुमच्याएवढा समंजस माणूस नाही. एवढं बोलून गप्प बसायचं."

"अँड देन?"

"त्याला कळायचंच. तो विचारायचा, मला काय मिळणार? काहीतरी द्यावं लागतं. एखादी कमिटी, नाहीतर वार्षिक सभेत पुढची खुर्ची. रिकाम्या हाताने कोणी बसत नाही."

"आजोबा, धिस इज सो करप्ट," मुलगी आनंदाने म्हणाली.

"करप्ट काय त्यात? भांडण वाचतं. पराभव वाचतो माणसाचा."

तिने लगेच कॉम्प्युटरवर शोधून सांगितलं की इथे नाव मागे घ्यायची मुदत केव्हाच टळून गेली आहे. आता कोणी थांबलं तरी नाव मतपत्रिकेवर राहणारच. बाबांनी हात हलवला. मुदत टळल्यावरही जाहीर पाठिंबा देऊन बसता येतं, असे कितीतरी बसवले, असं त्यांचं म्हणणं.

दर रविवारी सकाळी आमचा फोन व्हायचा. भारतात तेव्हा रात्रीच्या जेवणाची वेळ झालेली असायची. फोन स्पीकरवर ठेवून मी पोळ्या लाटणाऱ्या बायकोशेजारी उभा राहायचो आणि बाबा सोफ्यावर.

"माझं घर तळमजल्यावर आहे," ताई म्हणायची. "जिने नाहीत. बाबांच्या गुडघ्यांना तेच बरं."

"आणि नागपूरचा उन्हाळा?" धाकटा म्हणायचा. "त्यालाही जिने नाहीत, थेट आत येतो."

"तुझ्याकडे काय आहे रे? दिवसभर कुलूप."

"इथे घरभर एसी आहे," मी म्हणायचो. "डॉक्टर जवळ आहे."

"आणि बोलायला कोण आहे? तो एसीच?" ताई विचारायची.

बायको लाटणं न थांबवता डोळ्यांनी मला सांगायची की ह्याला उत्तर देऊ नकोस. मी द्यायचोच. आमच्या तिघांचं एकमेकांवर प्रेम आहे, पण ते फोनवर ऐकू येत नाही. शेवटी धाकटा म्हणायचा, "बाबा, तुम्हीच सांगा ना यार काहीतरी." तो बाबांनासुद्धा 'यार' म्हणतो आणि बाबा ते चालवून घेतात, माझं चालवून घेतलं नसतं.

"टीव्हीवर चौघं बोलतायत, फोनवर तिघं," बाबा म्हणायचे. "ऐकतोय. बघू."

सप्टेंबरच्या अखेरीला आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाने इतर दोन-तीन भारतीय संस्थांबरोबर उमेदवारांच्या भेटीचा कार्यक्रम ठरवला. चौघांना आमंत्रणं गेली. आला तो फक्त लिलाववाला. एका उडुपी रेस्टॉरंटच्या मागच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या आणि मंचावर समई होती. आगीची घंटा वाजू नये म्हणून समईत बॅटरीवर चालणाऱ्या ज्योती बसवल्या होत्या. उमेदवाराला काडी द्यायची की बटण दाबायला सांगायचं, यावर पदाधिकाऱ्यांची कुजबुज चालली होती. शेवटी अध्यक्षांनी स्वतःच बटण दाबलं आणि टाळ्या घेतल्या.

मग प्रास्ताविक झालं. प्रास्ताविक करणाऱ्याची ओळख झाली. प्रायोजकांचे आभार मानून झाले. अध्यक्षांनी मनोगत म्हणून मंडळाचा इतिहास सांगितला, त्यात त्यांच्या कारकिर्दीच्या वाट्याला दोन तृतीयांश वेळ आला. मी अशा मनोगतांना दोन खंडांत बसलो आहे. समुद्र ओलांडताना आपण काय काय मागे टाकलं याची यादी लोक करतात, त्यात मनोगत कधी दिसत नाही. पाहुण्याला शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. त्याने नारळ कानाशी नेऊन हलवला, आतलं पाणी ऐकलं आणि समाधानाने मान डोलवली, जसा काही माल तपासून घेत होता. हे मात्र मला आवडलं.

त्याचं भाषण अपेक्षेप्रमाणे छोटं झालं. मग खाणं सुरू झालं आणि लोक फोटोसाठी रांगेत उभे राहिले. मी डोशाच्या रांगेत होतो. बाबा कुठे दिसेनात म्हणून वळून बघतो तर ते मुलीला घेऊन फोटोच्या रांगेत, अगदी पुढे. पांढरा शर्ट, सुरकुती पडलेली पँट, आणि चेहऱ्यावर मी लहानपणी पाहिलेला भाव: जीपमधून कुणाच्या तरी वस्तीवर जायला निघताना असायचा तो. मी ताटली खाली ठेवली, पण पोचायला उशीर झाला.

"सर," बाबा म्हणाले, "हाऊ मेनी काऊज यू हॅव?"

उमेदवार खूश झाला. गाईंबद्दल इथे त्याला कोणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे फारशा नाहीत, पण दोन म्हशी आहेत, बायकोने हौसेने घेतल्या, असं तो म्हणाला. मुलीने ते मराठीत सांगितलं. पाऊस कसा झाला, हे बाबांनी विचारलं. मुलं काय करतात, तेही विचारलं. मागची रांग खोळंबली. अध्यक्ष अस्वस्थ होऊन शाल सारखी करू लागले, खरं तर शाल पाहुण्याच्या खांद्यावर होती.

"सर," बाबा मग हळू आवाजात म्हणाले, "यू आर ए व्हेरी बिग मॅन. इन होल स्टेट, नो मॅन सो सेन्सिबल." आणि गप्प बसले. कला पूर्ण झाली होती. पण समोरचा नगर जिल्ह्यातला नव्हता. तो नुसताच हसून 'थँक यू' म्हणाला. बाबांना एक पाऊल पुढे जावं लागलं. "सो नाऊ, सर, यू प्लीज सिट."

"डोन्ट माइंड इफ आय डू," उमेदवार म्हणाला आणि मागच्या खुर्चीवर बसला. दिवसभर उभा आहे, पाय भरून आलेत, इतक्या लोकांत बसा म्हणणारे तुम्ही पहिले, असंही म्हणाला. त्याने बाबांसाठी शेजारची खुर्ची ओढली.

बाबांनी हताशपणे नातीकडे पाहिलं. "त्याला नीट सांग."

"ही मीन्स," मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज जरा जास्तच खणखणीत निघाला, "यू शुड ड्रॉप आउट."

ताटल्यांचे आवाज थांबले. अध्यक्षांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला पुढच्या गणपतीपर्यंत पुरली. "काका, अहो काय हे, गेस्ट आहेत," ते पुटपुटले.

पण लिलाववाला मोठ्याने हसला. माझी बायको रोज हेच सांगते, म्हणाला, पण तिने कधी शाल दिली नाही. मग तो बाबांकडे वळला आणि हळू बोलू लागला. पहिल्यांदाच तो हळू बोलत होता, कारण मध्ये मुलगी भाषांतर करत होती. मी पडणार हे मला ठाऊक आहे, तो म्हणाला. मला कोणी फोन करून पद देतो म्हटलं, तरी नको. ह्या राज्यात बाकीच्या तिघांपैकी कोणीच नको असलेली काही माणसं आहेत. किती ते मला बघायचंय. त्यांना मत द्यायला कोणीतरी उभं पाहिजे ना?

मुलगी ते मराठीत सांगताना मध्येच अडखळली आणि पुढचं इंग्रजीतच म्हणाली. बाबांना सगळं कळलं होतं. त्यांनी उमेदवाराचा हात दोन्ही हातांत धरला आणि मान हलवली. फोटो काढणाऱ्याने फोटो काढला. तो मंडळाच्या स्मरणिकेत छापला गेला नाही.

घरी येताना बाबा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर तेच ते: दुकानं, पार्किंग, बँक, पार्किंग.

"हा बसणारा नाही," ते म्हणाले.

"पडणार आहे पण."

"ते त्यालाही माहीत आहे. त्याला काहीच नकोय. ज्याला काही पाहिजे असतं त्याला बसवता येतं." थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्याकडे असा एक होता. चार वेळा पडला. मला चारही वेळा चहा दिला."

मला वाटलं विषय संपला. ऑक्टोबर नेहमीसारखा गेला. वकिलाचा दोनदा फोन आला. मी बाबांना दोनदा विचारलं आणि दोनदा "बघू" ऐकलं. ताईने रविवारी रडून पाहिलं, धाकट्याने मोठ्या आवाजात बोलून पाहिलं. मी काय करून पाहिलं तर रात्रीचे हिशेब मांडून दाखवले: इन्शुरन्स, औषधं, वरच्या खोलीला लागून न्हाणीघर. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी टीव्हीवरच्या शिक्षणाधिकाऱ्यासारखा 'प्रथम', 'द्वितीय' म्हणतो आहे. त्याच सुमारास बाबा सकाळचे एकटेच फिरायला जाऊ लागले. चहा मात्र घेऊनच.

मतदानाच्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी मी त्यांना बरोबर नेलं. मतदान जवळच्या शाळेत होतं. त्यांना आत येता येईना, म्हणून ते दाराबाहेरच्या बाकावर बसले. आत रांग नव्हती, गडबड नव्हती, पोलीस नव्हता. टेबलामागे बसलेल्या आजीबाई विणकाम करत होत्या. यंत्रापुढे उभा राहून मी चारही नावं वाचली. कोणाला मत दिलं ते इथे सांगत नाही. मतदान गुप्त असतं यावर बाबांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. बाहेर आलो तेव्हा त्यांनी कुणाला दिलंस असं विचारलं नाही. बोटाकडे पाहिलं. शर्टावरच्या 'आय व्होटेड'च्या स्टिकरकडे पाहिलं. "हा धुतला तर जाईल," म्हणाले.

निकाल त्याच संध्याकाळी जेवता जेवता लागला. खुर्चीवरचा निवडून आला. निम्म्याहून जास्त लोकांनी त्याला मत दिलं नव्हतं, पण ते निम्म्याहून जास्त लोक तीन ठिकाणी विभागले गेले होते. लिलाववाला शेवटचा आला. पडद्यावर दोन सेकंद दिसला, हॅट हातात, बायको शेजारी. तिच्या अंगावर आमच्या मंडळाची शाल होती.

"मतं बरी पडली की त्याला," बाबा एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आलो तर बाबांनी चहा करून ठेवला होता. माझ्यासाठीसुद्धा, आलं घालून. हे कधी होत नसे. त्यांना इथल्या शेगडीची भीती वाटायची. मी बसलो. त्यांनी माझ्या हायवेवरच्या प्रवासाची चौकशी केली. गाडीचं इंजिन ऑइल कधी बदललं विचारलं. मुलीला कुठल्या कॉलेजात जायचंय, ते घरापासून किती लांब आहे. बायकोची पाठ दुखते का अजून. मी उत्तरं देत होतो, घड्याळाकडे बघत होतो. कपातला चहा अर्धा झाला तेव्हा ते म्हणाले, "तुम्हा तिघांत तूच खरा समंजस."

आणि गप्प बसले.

मला कळलं. कळायला इतका वेळ लागला याचीच गंमत वाटली. जीपमधून उतरून माणूस माझ्याच वस्तीवर आला होता, बैलांबद्दल, विहिरीबद्दल विचारून झालं होतं आणि मी सगळं सांगत बसलो होतो.

"बाबा, तुम्ही मला बसवताय?"

"हो."

"मी कुठे उभा आहे?"

"दर रविवारी उभा असतोस. तिघंही असता."

"आणि तुम्ही? तुम्हाला नक्की कोणाकडे जायचंय? ताईकडे?"

"मीही उभा आहे," ते म्हणाले. "माझी पाटी कोणी लावली नाही एवढंच. मला माझ्या घरी जायचंय."

बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र सुरू झालं. आम्ही ते थांबायची वाट पाहिली. थांबेना, म्हणून मी मोठ्याने विचारलं, "आणि पुन्हा पडलात तर?"

"पडेन. इथे नाही का पडणार? इथे पडलो तर तुम्ही सगळे बाहेर. तिथे खालचा किराणावाला माझा चहाचा पुडा संपला की वर येऊन विचारतो." त्यांनी कप पुढे सरकवला. "तिथे तुझी आई बसायची ती खिडकी आहे रे. मी काही फार दिवस मागत नाहीये. जमेल तोवर. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तिथे जाईन. पण आधी मला पडू तर द्या."

यातलं 'पडू' त्यांनी कुठल्या अर्थाने वापरलं, मी विचारलं नाही. आम्हा दोघांनाही दोन्ही अर्थ ऐकू आले होते.

मी सहा महिन्यांचे माझे सगळे मुद्दे आठवून पाहिले. एसी, डॉक्टर, वरची खोली. सगळे खरे होते आणि त्यांतला एकही त्यांना नको होता. मला मात्र काहीतरी हवं होतं. ते इथे असावेत हे हवं होतं. ज्याला काही पाहिजे असतं त्याला बसवता येतं, हे मी गाडीत ऐकलं होतं. तेव्हा ते माझ्याबद्दल आहे असं वाटलं नव्हतं.

"मला काय मिळणार?" मी विचारलं.

बाबा खुर्चीत जरा पुढे सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच महिन्यांनी व्यवहाराचं तेज आलं. "बोल."

न्हाणीघरात भिंतीला दांड्या बसवायच्या. कबूल. सकाळी स्वयंपाकाला बाई. बाईच्या हातचं खाण्याबद्दल थोडी घासाघीस झाली, मग कबूल. किराणावाल्याकडे घराची एक किल्ली. आधीच आहे, म्हणाले. रोज संध्याकाळी आम्हाला फोन.

"रोज कशाला? एक दिवसाआड."

"रोज."

"बरं. पण हवापाण्याबद्दल नाही बोलायचं."

मग त्यांनी उठून माझा कप उचलला, विसळला आणि ओट्यावर पालथा घातला. "आता पुण्याचा फोन लाव," ते म्हणाले. "बसलेल्याने घरी बसायचं नसतं. दुसऱ्यांना बसवायला जायचं असतं. ताईचं मी बघतो, ती तुझं ऐकायची नाही."

ऑफिसला उशीर होणारच होता. मी फोन घेऊन मागच्या अंगणात गेलो. वकिलालाही कळवायचं होतं, पण ते नंतर. धाकट्याने उचलला तेव्हा मागे टीव्ही चालला होता. मी त्याला गुडघ्याचं कसं आहे विचारलं. मुलाची परीक्षा झाली का विचारलं. सोसायटीत पाण्याचे टँकर अजून येतात का, पार्किंगचं भांडण मिटलं का, गाडीचं काय झालं. त्याने सगळं सांगितलं, जरा आश्चर्याने, कारण मी त्याला हे कधी विचारत नाही. मला ऐकताना खरंच बरं वाटत होतं. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय हे मला माहीतच नव्हतं.

"तुझ्यासारखा समंजस माणूस—" मी सुरुवात केली.

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला.

"दादा," तो म्हणाला, "यार, तू मला बसवतोयस का?"